तोतो स्किलाची फ्लूक नव्हता! थोडक्या दिवसांत चमकून गेलेल्या फुटबॉलर्सबद्दल

अर्धवेळ:

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी जाता जाता लिहिलं की तोतो स्किलाची म्हणजे शुद्ध फ्लूक, महिनाभर नशीब जोरावर होतं आणि मग गायब. तिथे उत्तर देत बसलो असतो तर मूळ विषय भरकटला असता म्हणून हा वेगळा धागा. ज्यांचं यश थोडक्या दिवसांचं होतं अशा खेळाडूंबद्दल इथे बोलूया, पण एक विनंती, 'वन सीझन वंडर' म्हणून नुसती यादी काढून हसायचं नाही, नेमकं काय झालं ते लिहायचं. माझं मत आधीच सांगतो. ही माणसं एका रात्रीत चांगली झाली नव्हती आणि एका रात्रीत वाईटही झाली नाहीत. कोच, संघातली जागा आणि स्वतःचं शरीर या तिन्ही गोष्टी काही काळ जुळून आल्या, त्यातली एक निसटली की बाकीच्या दोन असून काही उपयोग होत नाही.

तर स्किलाची, १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये गाजलेला इटलीचा स्ट्रायकर. पालेर्मोच्या गरीब वस्तीतला पोरगा. मेसिनाकडून सेरी बी मध्ये, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या डिव्हिजनला खेळायचा आणि १९८८-८९ ला तिथे २३ गोल मारून टॉप स्कोरर झाला, कोच होता झेमान. मग युव्हेंटसने घेतला, पहिल्याच सीझनला लीगमध्ये १५ गोल, शिवाय कोप्पा इटालिया आणि युएफा कप. म्हणजे वर्ल्ड कपच्या आधीची दोन वर्षं हा माणूस सतत गोल मारत होता, फक्त इटलीबाहेर कोणाला माहीत नव्हता. राष्ट्रीय संघाकडून पहिली मॅच मार्च १९९० मध्ये, वर्ल्ड कपला तीन महिने नव्हते तेव्हा. पहिली पसंती होती विआली आणि कार्नेवाले यांना, हा आपला बेंचवर.

९ जून १९९०, रोम, ऑस्ट्रियाविरुद्ध ०-०. सव्वा तास झाला तरी गोल नाही, स्टेडियम वैतागलेलं. कोच विचिनीने कार्नेवालेला काढून स्किलाचीला आत सोडला, आणि तीन-चार मिनिटांत विआलीचा क्रॉस, दोन उंच डिफेंडर्सच्या मधून याचा हेडर. साडेपाच फुटांच्या जरासा वर असलेला माणूस! नंतर डोळे विस्फारून पळत सुटला तो, ते डोळे दूरदर्शनवर ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. पुढे चेकोस्लोव्हाकिया, उरुग्वे, आयर्लंड, सेमीफायनलला अर्जेंटिना, तिसऱ्या जागेसाठी इंग्लंड, प्रत्येकात एक गोल. एकूण ६, सगळ्यात जास्त गोलांचा गोल्डन बूट पण आणि सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल पण. त्या वर्षीच्या बॅलन डी'ओरला (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जर्मनीच्या मॅथॉसनंतर दुसरा.

आणि नंतर इटलीसाठी उभ्या आयुष्यात फक्त एक गोल, १९९१ ला नॉर्वेविरुद्ध. १६ मॅच, ७ गोल, खलास.

लोक इथे थांबतात आणि फ्लूक म्हणतात. पण त्या उन्हाळ्यात युव्हेंटसमध्ये काय झालं बघा. झॉफ गेला, नवा कोच माइफ्रेदी आला, खेळण्याची पद्धतच बदलली, संघ लीगमध्ये सातवा आला आणि युरोपच्या स्पर्धांतूनही बाहेर. त्या सगळ्यात स्किलाचीचे गोल १५ वरून ५ वर आले. वर दुखापती चालूच. शिवाय उत्तरेकडच्या मैदानांवर विरोधी प्रेक्षक त्याला दक्षिणेचा म्हणून, चोर म्हणून ओरडायचे, ज्या देशाने त्याला महिनाभर डोक्यावर घेतलं त्याच देशात. १९९१ च्या शेवटी राष्ट्रीय संघावर साक्की आला आणि त्याच्या खेळात स्किलाचीला जागाच नव्हती.

सीमारेषा:

धागा चांगला आहे पण पटलं नाही पूर्ण. कोच बदलला तर इटलीच्याच बॅजिओचंही सगळं बदललं होतं ना, तो त्याच उन्हाळ्यात त्याच युव्हेंटसमध्ये आला, तोच माइफ्रेदी, तोच सातवा नंबर. पण बॅजिओने गोल मारले आणि पुढे १९९३ ला बॅलन डी'ओर घेतला. मोठा खेळाडू आणि तात्पुरता खेळाडू यातला फरक हाच, मोठ्याला परिस्थिती लागत नाही. स्किलाची चांगला पोचर होता, बॉक्समध्ये बॉल सुटला की पहिला तिथे असायचा, बस्स. आयर्लंडविरुद्धचा गोल बघा, दोनादोनीचा शॉट बॉनरने परतवला आणि हा समोर उभा. इंग्लंडविरुद्धचा तर पेनल्टी.

अर्धवेळ:

@सीमारेषा, "समोर उभा" हे तीन तीन वेळा झालं की त्याला नशीब म्हणत नाहीत. बॉनर तोल जाऊन पडला होता, कोन अवघड होता, स्किलाचीने पहिल्या टचला लांबच्या कोपऱ्यात बॉल ठेवला. आणि बारीतली ती पेनल्टी त्याने स्वतः मिळवली होती, पार्करने पाडलं त्याला. चेकोस्लोव्हाकियाच्या स्कुहराव्हीचेही ५ गोल होते तेव्हा, बॅजिओने बॉल याच्याकडे दिला कारण गोल्डन बूट एकट्याला मिळावा. सोबतच्या खेळाडूंना त्याची किंमत कळत होती.

बॅजिओशी तुलना बरोबर आहे पण ती माझ्याच बाजूने जाते. बॅजिओ मागून खेळायचा, स्वतः बॉल घेऊन स्वतः चान्स बनवायचा. स्किलाचीचा सगळा जीव दुसऱ्याने दिलेल्या पासवर. असा स्ट्रायकर संघावर अवलंबून असतोच, तो काही गुन्हा नाही. जपानला जुबिलो इवाताकडे गेला तेव्हा १९९५ च्या एका सीझनला ३१ गोल मारले.

सीमारेषा:

जे-लीग तेव्हा दोन-तीन वर्षांची होती हो. तिथले ३१ आणि सेरी ए मधले १५ एकाच तराजूत कसे घालणार? त्या काळच्या सेरी ए मध्ये बारेसी, माल्दिनी, बेर्गोमी समोर असायचे.

पण दुसरं नाव देतो जे तुमच्या मुद्द्याला जास्त शोभेल. ओलेग सालेन्को. २८ जून १९९४, स्टॅनफर्ड स्टेडियम, रशिया ६ कॅमेरून १. त्यातले पाच एकट्या सालेन्कोचे, १५, ४१, ४४, ७२ आणि ७५ व्या मिनिटाला. पुरुषांच्या वर्ल्ड कपच्या एका मॅचमध्ये पाच गोल आजपर्यंत दुसऱ्या कोणी मारलेले नाहीत. त्याआधी स्वीडनविरुद्ध एक पेनल्टी, म्हणजे एकूण ६, स्टोइच्कोव्हबरोबर गोल्डन बूट वाटून घेतला. आणि संघ कुठे गेला? ग्रुपमधूनच घरी! आणि सालेन्को रशियाकडून त्यानंतर एकही मॅच खेळला नाही. एकही नाही. पाच गोल मारलेली मॅच हीच शेवटची.

(कॅमेरूनचा तो एक गोल रॉजर मिलाचा, वयाच्या ४२ व्या वर्षी. एकाच मॅचमध्ये दोन रेकॉर्ड्स आणि मॅच दोघांच्याही उपयोगाची नाही.)

टिकीटाका_नको:

सालेन्कोचं कारण माहितीये का कोणाला? म्हणजे पाच गोल मारणाऱ्याला परत बोलवतच नाहीत, हे डोक्यात बसत नाही.

अर्धवेळ:

तिथे आधीपासूनच आग लागलेली होती. वर्ल्ड कपच्या आधी रशियाच्या खेळाडूंनी कोच सादिरिनविरुद्ध पत्र लिहिलं, कांचेलस्किस, शालिमोव्ह वगैरे मोठी नावं आलीच नाहीत. ती नावं असती तर सालेन्को कदाचित त्या मॅचला सुरुवातीपासून खेळलाही नसता. हरल्यावर सादिरिन गेला, रोमांत्सेव्ह आला, बंडखोरांपैकी बरेच परतले आणि जुन्या कोचचा म्हणून असेल किंवा आणखी कशासाठी, सालेन्कोला परत बोलावणं नाही. लॉग्रोन्येसमधून व्हॅलेन्सिया, तिथून रेंजर्स, तिथून इस्तंबूलस्पोर, आणि मग गुडघा.

पण एक गोष्ट लोक विसरतात. १९८९ च्या ज्युनियर वर्ल्ड कपला सोव्हिएत संघाकडून तोच टॉप स्कोरर होता, ५ गोल. ज्युनियर आणि सीनियर दोन्ही वर्ल्ड कपला सगळ्यात जास्त गोल मारलेला तो एकटा. मग सांगा, फ्लूक म्हणजे काय, पाच वर्षांच्या अंतराने दोनदा?

वेल्सवासी:

मी स्पेनच्या मिचूचं लिहितो कारण तो सीझन मी इथे राहून पाहिलाय. २०१२ च्या उन्हाळ्यात स्वान्सीने रायो व्हायेकानोकडून वीस लाख पौंडांना एक मिडफिल्डर घेतला. प्रीमियर लीगमध्ये वीस लाख म्हणजे काहीच नाही हो, त्यात बेंचवरचा लेफ्ट बॅक पण येत नाही. पहिली मॅच क्यूपीआरच्या मैदानावर, ५-०, त्याचे दोन. मग थांबलाच नाही. डिसेंबरमध्ये आर्सेनलच्या मैदानावर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल, लीगमध्ये एकूण १८, आणि लीग कपच्या फायनलला ब्रॅडफर्डवर ५-० त्यातही एक. गोल झाला की कानाजवळ हात नेऊन फिरवायचा, इथल्या शाळेच्या मैदानावर सगळी पोरं तेच करायला लागली होती, मुली पण. बेकरीवाला पाव देताना करायचा! स्वान्सी हे छोटं गाव आहे, इथे खेळाडू दुकानात भेटतो, त्यामुळे जे प्रेम मिळालं ते टीव्हीवर दिसत नाही.

कोच लाउड्रुपने त्याला पुढे खेळवलं, मिडफिल्डमधून थेट स्ट्रायकरच्या जागी, हेच अर्धवेळ म्हणतात ते जुळणं. उशिरा बॉक्समध्ये शिरायची सवय मिडफिल्डरची, डिफेंडर्सना कळायचंच नाही याला धरायचं कोणी. दुसऱ्या सीझनला स्ट्रायकर बोनी आला, मिचू मागे सरकला, घोटा दुखायला लागला, सर्जरी, लीगमध्ये जेमतेम दोन गोल. ऑक्टोबर २०१३ ला स्पेनकडून बेलारूसविरुद्ध एक मॅच मिळाली, तीच पहिली तीच शेवटची. नापोलीला लोनवर गेला पण घोट्याने खेळूच दिलं नाही.

आता ऐका हे. हा माणूस ओव्हिएदोचा. गावच्या क्लबवर इतका जीव की शेजारच्या स्पोर्टिंग खिखोनकडे जायची संधी आली तेव्हा नको म्हणाला, पहिल्या डिव्हिजनचा संघ होता तो. २०१२ ला रिआल ओव्हिएदो बुडायला आलं, शेअर्स विकायला काढले, तेव्हा जगभरातल्या लोकांबरोबर कासोर्ला, माता आणि मिचू यांनीही शेअर्स घेतले. म्हणजे इकडे प्रीमियर लीग गाजवताना तिकडे गावचा क्लब वाचवत होता. शेवटी भाऊ कोच असलेल्या लांग्रेओ नावाच्या खालच्या डिव्हिजनच्या संघात जाऊन खेळला, तिथून परत ओव्हिएदोमध्ये आणि २०१७ ला ३१ व्या वर्षी बूट टांगले. ज्याला आपण "गायब झाला" म्हणतो तो घरी गेला होता.

सीमारेषा:

ओव्हिएदोचं माहीत नव्हतं. भारी.

फिजिओ_एम:

इथे घोटा आणि गुडघा सारखा येतोय म्हणून जरा लिहिते, माझं रोजचं काम तेच आहे. लोकांना वाटतं सर्जरी झाली, सहा-नऊ महिने गेले, डॉक्टरने हो म्हटलं म्हणजे खेळाडू पूर्वीसारखा. पळायला, उडी मारायला येतो पूर्वीसारखा, हे खरंय. पण स्ट्रायकरचा खेळ पहिल्या दोन-तीन पावलांचा. लिगामेंट फाटल्यावर सांध्याकडून मेंदूला जो निरोप जातो ना, पाय कुठे कसा पडतोय ते न बघता कळणं, तो उशिरा पोचायला लागतो. तो व्यायामाने परत आणता येतो, आम्ही एका पायावर उभं करून, मऊ उशीवर तोल सांभाळायला लावून तेच तर करून घेतो, पण टॉप लेव्हलला तेवढं पुरत नाही. शिवाय भीती. तोच पाय टाकायच्या आधी पापणी लवते एवढा वेळ थांबणं. बाहेरून दिसत नाही, पण डिफेंडरला तेवढं बास होतं.

घोट्याचं त्याहून वाईट. कूर्चा झिजली की ती परत येत नाही, दुखणं घेऊनच खेळायचं.

आणि सेबास्टियन डाइस्लरचं नाव कोणी घेतलं नाही अजून. २००० च्या आसपास जर्मनीत सगळे म्हणायचे की हाच आता देशाचं फुटबॉल वाचवणार, वय विशीचं. गुडघ्याच्या एकामागून एक दुखापती, २००२ च्या वर्ल्ड कपच्या ऐन तोंडावर ऑस्ट्रियाविरुद्धच्या फ्रेंडली मॅचमध्ये परत गुडघा, वर्ल्ड कप हुकला. २००३ च्या शेवटी डिप्रेशनसाठी दवाखान्यात दाखल झाला आणि त्याच्या क्लबने, बायर्नने ते उघड सांगितलं. त्या काळात एखाद्या फुटबॉलरबद्दल असं जाहीर होणं ही साधी गोष्ट नव्हती. जानेवारी २००७ मध्ये, २७ व्या वर्षी त्याने खेळणं सोडलं, आता गुडघ्यावर भरवसाच राहिला नाही म्हणाला. याला अपयश म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. शरीर आणि मन दोन्ही ओरडून सांगत असताना ऐकणं याला धाडस लागतं.

टिकीटाका_नको:

मग व्हॅन बास्टेन पण टाका यादीत, घोट्यामुळे २८ व्या वर्षी शेवटची मॅच. आणि फ्रान्सचा जुस्त फोंतेन. १९५८ च्या वर्ल्ड कपला १३ गोल, पाय दोनदा मोडला आणि २८ व्या वर्षी रिटायर.

अर्धवेळ:

व्हॅन बास्टेन नको, त्याला तीन बॅलन डी'ओर आहेत, करिअर लहान होतं, यश लहान नव्हतं. फोंतेन मात्र सीमेवरचा आहे. बघायला गेलं तर तोही बेंचवर बसायचा होता, ब्लियार जखमी झाला म्हणून जागा मिळाली, स्वतःचा बूट फाटला तर टीममेटचा मागून घातला आणि ६ मॅचमध्ये १३ गोल. स्किलाची, सालेन्को, फोंतेन, तिघांनाही दरवाजा दुसऱ्या कोणाची जागा रिकामी झाली म्हणून उघडला. पण आत गेल्यावर जे केलं ते त्यांचं त्यांनी केलं.

पेठकरी:

कोल्हापुरातनं लिवतोय. तुमचं सगळं मोठ्ठ्या लोकांचं चाललंय, पण हे आमच्याकडं दर दोन सीझनला बघतोय आम्ही. शाहू स्टेडियमवर पेठापेठांची पब्लिक, गॅलरी फुल्ल, पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, ज्याचा त्याचा नाद. एखादं पोरगं एका सीझनला असं खेळतंय की चौकात बॅनर लागत्यात, चहावाला पैसे घेत नाय, पुढच्या सीझनला नाव पण निघत नाय.

आमच्या गल्लीतला एक राइट विंगर होता. नाव नाय सांगत, त्येला आवडणार नाय. काय पळायचा गडी, लाइनला धरून सुटला की डिफेंडर नुसतं बघत राहायचं. ऐन फेब्रुवारीत मॅचमध्ये वळताना गुडघ्यातनं कट्ट आवाज आला, मी बेंचवर होतो, मला ऐकू आला. रात्री गुडघा नारळाएवढा. फिजिओ बिजिओ कुठला तवा, तेल-हळद लावून घट्ट पट्टी बांधली आणि आठ दिवसांनी समोरच्या पेठेबरोबर मॅच होती म्हणून परत उतरवला त्येला, आणि तो पण उतरला, कारण नाय म्हणायचं कसं, सगळी पेठ बघायलीया. दहा मिनिटं खेळला. त्येच्यानंतर सरळ पळता यायचं, वळता यायचं नाय. आता एमआयडीसीत शिफ्टला जातोय. अजून मॅचला येतो, गॅलरीत उभा ऱ्हातो, पण मैदानात उतर म्हटलं की जात नाय. त्या वक्ताला कुणीतरी जाणत्यानं गुडघा बघून "बस, नाय खेळायचं" म्हणायला पायजे होतं. आता पोरं एमआरआय काढत्यात, बरं वाटतंय.

फिजिओ_एम:

@पेठकरी, तो कट्ट आवाज म्हणजे बहुतेक एसीएल, गुडघ्यातला मुख्य लिगामेंट, फाटल्याचा. आणि आठ दिवसांनी खेळवल्यामुळे आतली गादी पण गेली असणार, म्हणून वळता येत नाही. अजूनही स्नायू मजबूत करायचे व्यायाम केले तर जिने चढणं-उतरणं, शिफ्टला उभं राहणं यात नक्की फरक पडेल, त्यांना एकदा चांगल्या फिजिओकडे घेऊन जा प्लीज. वय झालं म्हणून सोडू नका.

पेठकरी:

नेतो. नक्की नेतो.

जुवारी:

गोव्यातून. आमच्याकडे वेगळंच, खेळाडू संपायच्या आधी क्लबच संपतो. आमच्या धेंपो क्लबने राष्ट्रीय लीग (तीच पुढे आय-लीग) पाच वेळा जिंकली, आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. त्या संघांतल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरांचं काय झालं विचारा. ज्याला आयएसएल या दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये जागा मिळाली तो तरला, बाकीचे गोवा प्रो लीगमध्ये खेळत राहिले, टीव्हीवर दिसणं बंद, पगार कमी, मग घरचे म्हणतात बोटीवर जा. मुंबईत महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद केलं, पुण्याचं पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरं आलं होतं आणि दोन-तीन वर्षांत तेही नाही. मुंबई एफसी गेलं. आता या खेळाडूंचं यश थोडक्या दिवसांचं असं म्हणायचं का? तुमच्या त्या तीन गोष्टींत चौथी घाला, पगार देणारा मालक.

अर्धवेळ:

@जुवारी, घातली. हे खरंच माझ्या डोक्यात नव्हतं, मी युरोपचंच बघत होतो. बालेवाडीला पुणे एफसीच्या मॅचेस पाहिल्यात, तिथली दोन-तीन नावं आजही आठवतात आणि पुढे कुठे दिसलीच नाहीत. कोणाकडे त्या काळच्या खेळाडूंची माहिती असेल तर प्लीज लिहा, पण जे लोक आता खेळात नाहीत त्यांची नावं न घेता.

सीमारेषा:

एक आशियातलं नाव राहिलं. सईद अल ओवैरान. २९ जून १९९४, वॉशिंग्टन, सौदी विरुद्ध बेल्जियम, पाचव्याच मिनिटाला स्वतःच्या हाफमधून बॉल घेऊन निघाला आणि वाटेत येईल त्याला चुकवत गोल केला. सालेन्कोच्या पाच गोलांच्या दुसऱ्याच दिवशी! सौदी त्या गोलावर पुढच्या राउंडला गेलं आणि ओवैरान त्या वर्षीचा आशियातला सर्वोत्तम खेळाडू. युरोपात जायला हवा होता पण तेव्हा सौदी खेळाडूंना बाहेरच्या देशात खेळायची परवानगीच नव्हती, अल शबाब सोडून कुठे गेलाच नाही. मधे बंदी आली, १९९८ च्या वर्ल्ड कपला परतला पण तो वेग नव्हता. इथे मालक होता, कोच होता, शरीर होतं, फक्त दार बंद. त्यामुळे स्किलाचीबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण ओवैरान फ्लूक होता असं कोणी म्हणालं तर मीच भांडेन.

अर्धवेळ:

म्हणजे तुम्ही अर्धे आलात इकडे. स्किलाचीसाठी एक काम करा, ऑस्ट्रिया मॅचची शेवटची पंधरा मिनिटं सलग बघा, नुसता गोल नाही. विआलीकडे बॉल जायच्या आधी तो कुठे उभा आहे आणि क्रॉस येईपर्यंत किती वेळा जागा बदलतो ते मोजा. मग इथे येऊन लिहा, मी वाट बघतोय.